आठवी विभक्ती

गेल्या वर्षी मार्चअखेरीस एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला.

"उन्हाळा, समुद्र, आणि नायिका म्हणजे नायकाच्या जिवलग मित्राची बहीण. हल्ली हे फार चालतं. पंचवीस हजार शब्दांची लघुकादंबरी. जमेल?"

मी घसा खाकरला. "विषय जरा जवळचा आहे."

"म्हणजे अनुभव आहे?"

"आहे."

"वा! मग दोन महिन्यांत द्या."

अनुभव कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तसा हा विषय मराठीला नवा नाही. मित्राच्या बहिणीवर जीव जडला की काय होतं, हे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ सालीच रंगमंचावर आणून ठेवलं आहे. 'संगीत सौभद्र'मधला अर्जुन कृष्णाचा जिवलग, सुभद्रा कृष्णाची बहीण. बलरामदादा तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळे झालेले. अर्जुन वैतागून संन्यासी होतो आणि त्याच वेषात बलरामाच्या घरी मुक्कामाला येतो. त्याच्या सेवेला खुद्द सुभद्रा. या सगळ्यामागे कृष्ण, म्हणजे मित्रच आतून सामील! पुढच्या एकशे चाळीस वर्षांत असा मित्र महाराष्ट्रात पुन्हा जन्मल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नंतरच्या सगळ्या मित्रांनी बलरामाचं धोरण पत्करलं, आणि समाजाने राखीपौर्णिमा नावाचा कायमचा बंदोबस्त ठेवला.

माझं सौभद्र १९९३च्या मे महिन्यात आंजर्ल्याला झालं. मी डोंबिवलीचा, वय एकोणीस. कॉलेजात बाकाला बाक लावून बसणारा जिवलग मित्र आंजर्ल्याचा. तो म्हणाला, "सुट्टीत घरी चल, आंबे खायला." मी सात शर्ट भरले आणि निघालो.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दापोलीहून एसटीने हर्णैच्या बाजूला उतरायचं आणि तरीत बसून पलीकडे जायचं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. होडी काठापासून वीसेक पावलांवरच टेकली आणि तांडेल म्हणाला, "उतरा." मी नवे बूट हातात घेतले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय टाकला, तो चिखलात पोटरीपर्यंत. दुसरा उचलायला गेलो तर पहिला आणखी खाली. डोक्यावर बॅग, हातात बूट, आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये कमावलेला तोल इथे काडीच्या कामाचा नव्हता. तेवढ्यात काठावरून एक मुलगी सरसर चालत आली. चिखल जणू तिच्या ओळखीचा होता. तिने माझ्या डोक्यावरची बॅग घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मित्राला म्हणाली, "याला टाचेवर चालू नको म्हणावं. बोटं आधी टाक म्हणावं."

मी बोटं आधी टाकली. हृदय मात्र टाचेवरच पडलं.

"कोण रे ही?" मी मित्राला कुजबुजत विचारलं.

"कोण म्हणजे? ताई."

इथून माझा घात सुरू झाला. ती मित्राहून दोन वर्षांनी मोठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकत होती, सुट्टीला घरी आलेली. मित्र तिला ताई म्हणे. धाकटी चुलत भावंडं ताई म्हणत. काका-काकू, म्हणजे तिचे आईवडील, मुलांच्या सवयीने ताई म्हणत. कामाचा गडी ताई म्हणे. शेजारची तिच्याहून वयाने मोठी बाईसुद्धा गडग्यापलीकडून "ताई, विळी देतेस गो?" असं विचारी. त्या घरात तिला नाव नव्हतंच. आणि मला, पाहुण्याला, तिला हाक मारायची तर एकच शब्द उपलब्ध होता.

तो शब्द मी उच्चारायचा नाही असं पहिल्याच रात्री पडवीत, मच्छरदाणीत, ठरवलं. एकदा ताई म्हटलं की संपलं. तोंडातून गेलेली ताई परत येत नाही.

दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं ते १८३६ साली. तेव्हापासून आपल्याला आठ विभक्त्या घोकाव्या लागतात. त्यातल्या सात प्रेमाला फार सोयीच्या आहेत. ती. तिला. तिने. तिच्यासाठी. तिच्याहून. तिचा. तिच्यात. मी रात्रभर या सातांत सुखाने लोळू शकत होतो. पण सकाळ झाली की आठवी उभी राही : संबोधन. हाक मारायची विभक्ती. प्रेम सात विभक्त्यांत होतं, पण आंघोळीचं पाणी मागायला आठवीच लागते.

'अगं' म्हणावं तर ते फार सलगीचं. 'अहो' म्हणावं तर थेट लग्न होऊन दहा वर्षं झाल्यासारखं. नुसतं 'ए' म्हणजे कुत्र्याला. नाव घ्यावं तर आजी, मोठ्या मुलीला नावाने हाक मारतोस का रे, म्हणून ओटीवरून वाळवणाची काठी उगारेल. शेवटी मी व्याकरणाच्याच आश्रयाला गेलो. शाळेत भावे प्रयोग कशाला शिकवतात हे मला आंजर्ल्यात कळलं. "जरा बाजूला व्हावं." "आता जेवायला यावं." "जरा बादलीचं बघावं." मी दरबारात ललकारी देणाऱ्या भालदारासारखा बोलू लागलो. तिच्या धाकट्या चुलत भावाने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हा नाटकात काम करतो का?"

कधी मी तिच्याकडे बघत काकूंशी बोले : "काकू, मीठ कुठे असतं?" काकू स्वयंपाकघरात, ती माझ्यासमोर, मीठ तिच्या हातात. कधी मी खाकरत असे. दोन दिवस खाकरल्यावर काकूंनी माझ्यासाठी आल्याचा काढा केला आणि पुढचे चार दिवस तो मला सकाळ-संध्याकाळ पाजला. प्रेमासाठी लोकांनी विष घेतल्याचं ऐकलं होतं. माझ्या वाट्याला काढा आला.

बरं, निवांतपणे बोलायची संधी मिळावी, तर ती कुठे? शहरातल्या माणसाची समजूत अशी की मे महिन्यात कोकणात माणसं झोपाळ्यावर बसून आंबे चोखतात. प्रत्यक्षात ते आगोटीचे दिवस. पाऊस तोंडावर, आणि चार महिन्यांची बेगमी चार आठवड्यांत उरकायची. पहाटे वाडीला पाणी. पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात ते वळवायचं. मग आंब्यांची अढी उलटायची, पेंढ्यातून पिकलेले वेगळे काढायचे, डागी बाजूला करायचे. मग फणस. मग रातांबे फोडायचे, सालं आणि गर वेगळा करायचा, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. मग साठं : ताटाला तुपाचा हात लावून आंब्याचा रस ओतायचा, वाळला की वर दुसरा थर. कावळ्यांना हाकायला एक माणूस. हे काम बिनडोक असल्यामुळे ते पाहुण्याला मिळे.

त्या घरात प्रत्येकाला एक काम होतं आणि सगळ्या कामांची मुकादम ती होती. सौभद्राचा हिशेब मी मनात मांडला होता : मित्र कृष्ण, ती सुभद्रा, मी अर्जुन. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला काम घटोत्कचाचं मिळालंय. त्या नाटकात घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो. मला उचलून न्यायला फणस होते. वाडीतून खळ्यात, खळ्यातून पडवीत. एकेक बारा-पंधरा किलोचा, काट्यांसकट. "हा कापा, तो बरका. कापा इकडे, बरका तिकडे," एवढंच तिचं माझ्याशी संभाषण. रात्री मी ते पुन्हापुन्हा आठवून झोपत असे. 'तो बरका' म्हणताना तिच्या आवाजात काही वेगळं होतं का?

फणस फोडण्याआधी हाताला खोबरेल तेल लावायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. चीक दोन्ही हातांना लागला. मग त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारले; ती बघत होती, म्हणून जरा ऐटीत. केस मागे गेले आणि तिथेच राहिले. हातही तिथेच राहिला. शेवटी आजीने तेलाची वाटी आणून मला माझ्या कपाळापासून सोडवलं. वर म्हणाली, "डोंबिवलीला फणस नाही का रे?"

त्या आजीबद्दल मला आधीच शंका यायला हवी होती. ऐंशीच्या पुढची, ओटीवर बसून सगळ्या घरावर नजर. ती मला दर तासाला एकच काम सांगे : "जा, तिला हाक मार." जेवायला हाक मार. चहाला हाक मार. गाय दारात आलीय, हाक मार. मी उठून वाडीभर हिंडे, ती दिसली की समोर जाऊन उभा राही आणि ऐतिहासिक नाटकातल्या जासुदासारखं म्हणे, "आजी बोलावताहेत." आजी लांबून कान देऊन असे.

कबुली द्यायचा एकच धड प्रयत्न मी केला, तो कड्यावरच्या गणपतीसमोर. एका संध्याकाळी आम्ही तिघं पाखाडी चढून वर गेलो. मित्राला कुणीतरी ओळखीचं भेटलं, तो मागे राहिला. ती मला खडकातलं गणपतीचं पाऊल दाखवत होती. मूळ देऊळ खाली समुद्राकाठी होतं म्हणे. पाणी चढत आलं तेव्हा देवाने मुक्काम हलवला आणि कड्यावर येताना इथे पाय ठेवला. वरून सगळं दिसत होतं : माडांची हिरवी पट्टी, खाडीचं मुख, पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. वारा होता. तिची ओढणी उडत होती. कादंबरीत लागतं ते सगळं हजर होतं.

मी म्हणालो, "मला काही सांगायचं आहे."

आता या वाक्याच्या आधी कुणाचं तरी नाव लागतं. नाव नसलं की त्याची घोषणा होते. मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण आजूबाजूचे पाच-सहा भाविक वळून उभे राहिले. एका गृहस्थांनी टोपी सावरली. त्यांना बहुधा वाटलं, मी देवस्थानाच्या वतीने काही सूचना देणार आहे.

"काय सांगायचंय?" ती म्हणाली.

सगळे थांबले होते. गणपतीसुद्धा. तो उजव्या सोंडेचा. त्याच्यासमोर गफलत चालत नाही असं आजीने बजावून पाठवलेलं. मी म्हणालो, "दर्शन फार छान झालं."

गृहस्थांनी मान डोलावली. मंडळी पांगली. या देवळाचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० असा बारा वर्षं चालला होता. मला माझ्या एका वाक्याला त्याहून जास्त लागणार, एवढं मला तेव्हा कळलं.

आणि मग तो दिवस आला. परतीच्या आदल्या दिवशी आजी म्हणाली, "खळ्यापुढचा रायवळ बघ रे. खालचे आंबे पोरांनी संपवले. त्या पलीकडच्या फांदीवर, पानांच्या पुंजक्यापाशी, रसाळ आहेत. तू उंच आहेस, तुझा हात पोचेल."

ती खाली रातांबे फोडत बसली होती. मी खास राखून ठेवलेला पांढरा शर्ट घातला होता. झाडावर चढण्याचा मला शून्य सराव, पण ती बघत असताना माणूस शून्याने भागाकारही करतो. मी चढलो. पलीकडच्या फांदीवर सरकलो. पानांचा पुंजका हाताने बाजूला केला.

तो पुंजका नव्हता. पानं शिवून बांधलेलं लाल मुंग्यांचं घर होतं.

मुंग्यांनी आधी हात घेतला, मग बाही, मग कॉलर. तिथून पुढे त्या कुठे गेल्या हे मासिकात लिहिता येत नाही. दोन्ही हातांनी झटकावं तर फांदी सुटते. एका हाताने झटकावं तर दुसऱ्या हातावर त्या नव्याने चढतात. माझा भावे प्रयोग संपला. कर्मणी संपला. तीन आठवडे जिवापाड सांभाळलेली आठवी विभक्ती पोटातून निघाली आणि आंजर्ल्याच्या आसमंतात घुमली :

"ताईऽऽऽ!"

वाडीत त्या वेळी पाच ताया होत्या. पाचही धावत आल्या.

"उडी मार!" आमची ताई म्हणाली. "खाली पेंढा आहे!" मी उडी मारली. पेंढा होता, फक्त मी पडलो त्याच्या अलीकडे. तिने आतून खायचा सोडा आणला, वाटीत पाणी घालून कालवला. "मुंगीचा डंख आम्लाचा असतो, त्यावर सोडा," असं कृषी विद्यापीठाला शोभेलसं सांगितलं आणि वाटी भावाच्या हातात दिली. त्यामुळे त्या उन्हाळ्यात माझ्या गालावरून जो प्रेमळ हात फिरला तो मित्राचा.

ओटीवरून आजी एवढंच म्हणाली, "झालं बाई एकदाचं."

ऑगस्टमध्ये डोंबिवलीला टपालाने एक पुडकं आलं. आत पाव किलो आमसुलं आणि एक राखी.

पुढे १९९५ साली तिचं लग्न झालं, शेजारच्याच मुर्डीत. मी गेलो. पंक्तीत मठ्ठा वाढला. नवऱ्या मुलाची कानपिळी करायला मुलीचा भाऊ लागतो. मित्र नेमका तरीवर पाहुणे उतरवायला गेलेला. आजीने गर्दीतून मला हुडकलं आणि पुढे ढकललं : "हा आहे की भाऊ!" मी नवरदेवाचा कान पिळला. जरा जोरातच पिळला. त्याबद्दल मला शर्टपीस मिळालं.

एवढं भांडवल घेऊन मी कादंबरीला बसलो.

आधी मी ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' काढलं. कादंबरी कशी रचावी याचं तंत्र त्यांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय : सुरुवात पकड घेणारी हवी, गुंतागुंत वाढत जायला हवी, उत्कर्षबिंदू हवा. माझ्या अनुभवात गुंतागुंत होती ती केसांची आणि चिकाची. उत्कर्षबिंदू झाडावर होता आणि त्यात मुंग्या होत्या. तेव्हा मी अनुभव बाजूला ठेवला आणि नायकाला हवं ते करू दिलं. माझा नायक चिखलातून नायिकेला उचलून नेतो. एका फटक्यात फणस फोडतो. झाडावरून पिकलेला हापूस तोडून तिच्या ओंजळीत ठेवतो. चांदण्या रात्री दोघं किनाऱ्यावर कासवाची पिल्लं पाहतात, त्याच्या हातात कंदील. पहाटे होडीतून समुद्रावरच्या सूर्योदयाकडे जातात. नायिकेला एक सुंदर नाव आहे आणि ती कुणाचीही ताई नाही.

कादंबरी धीट झाली की काय, अशी मला मधूनमधून भीती वाटे. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर, ती १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली म्हणून, अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. माझी कादंबरी वाचून पाहिल्यावर कळलं की ती कुठल्याच कोर्टात टिकणार नाही, कारण तिच्यात काही घडतच नाही.

मे महिन्यात हस्तलिखित घेऊन 'स्थानिक तपशील तपासायला' मी आंजर्ल्याला गेलो. आता खाडीवर पूल आहे. गाडी थेट दारात. मित्र पुण्यात असतो. ताईने माहेरची वाडी आणि घर सांभाळलं आहे. पडवीच्या बाजूला चार खोल्या काढून पर्यटकांची सोय केलीय. केस पांढरे, चष्मा, पण चालणं तेच, बोटं आधी. खळ्यात गाडी लावली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. समोर नुसतंच आभाळ होतं.

"रायवळ?"

"निसर्गमध्ये गेला," ती म्हणाली. ३ जून २०२०चं ते वादळ. "एका दुपारीत. आमच्या निम्म्या पोफळी, सतरा माड आणि तो. पोफळ पुन्हा लावली तर सहा-सात वर्षांनी सुपारी देते. रायवळ कोण लावतो?" मग हसून म्हणाली, "मुंग्या मात्र शाबूत आहेत. काजूवर राहायला गेल्या."

रात्री मी हस्तलिखित तिच्या हातात ठेवलं. "एक गोष्ट लिहिलीय. काल्पनिक आहे. तपशिलांकडे तेवढं बघावं." तीस वर्षांनीही मी भावे प्रयोगातच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरगुट्या भाताच्या ताटलीशेजारी, ते परत आलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर.

पान ३ : मेमध्ये पारिजातक फुलत नाही. पावसाळ्यात फुलतो.

पान ५ : चिखलातून कुणी कुणाची बॅग नेली ते आठव. त्यात सात शर्ट आणि एक अत्तराची बाटली होती. बाटली गळत होती.

पान ९ : झाडावर पिकलेला हापूस कुणी देत नाही. जून झाला की देठासकट काढतात, अढीत पिकवतात. देठ मोडला तर चीक सालीवर उतरतो. हे तुला १९९३ साली दोनदा सांगितलं होतं.

पान १४ : कासवं. १९९३ साली इथे कोण बघायला जात होतं? लोक अंडी खणून नेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने वेळासला काम सुरू केलं ते २००२च्या सुमारास, आपल्याकडे त्याच्याही नंतर. आणि कंदील नेलास तर पिल्लं समुद्राऐवजी कंदिलाकडे जातील. नायकाने किमान शंभर पिल्लं मारली.

पान १७ : समुद्रावर सूर्योदय बघायचा तर नायकाने ओरिसाला जावं. आपला सूर्य डोंगरामागून उगवतो.

कासवांचा विषय निघाला तेव्हा तिने सावनीची गोष्ट सांगितली. २०२२ साली आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव सावनी ठेवलं. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा. अथांग समुद्रात त्या कुठे आहेत हे लोकांना घरबसल्या कळत होतं. मला एका अंगणात, दहा फुटांवर बसून रातांबे फोडणारी मुलगी कुठे आहे, हे तीन आठवड्यांत कळलं नव्हतं. आणि कासवांतसुद्धा प्रथमा होती. संबोधन नावाची एकही नाही.

"आमच्या शेजारी मुर्डीतच श्री. ना. पेंडसे जन्मले," ती म्हणाली. "त्यांनी 'गारंबीचा बापू' लिहिला तेव्हा मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. म्हणजे लांब राहून लिहिता येत नाही असं नाही. पण त्यांना माहीत होतं की इथला माणूस मे महिन्यात काय करतो. तुझा नायक पंचवीस हजार शब्दांत एक रातांबा फोडत नाही."

"पण गोष्ट कशी वाटली?" मी विचारलं.

तिने टोपलीतला एक हापूस उचलला. बाहेरून बघत राहावा असा, केशरी, देखणा. सुरीने कापला. आत, कोयीभोवती, पांढरट, भुसभुशीत, आंबट.

"साका," ती म्हणाली. "माहितीय कशाने होतो? कारणं बरीच आहेत, पण एक साधं : वेळेवर काढला नाही, झाडावर जास्त दिवस ठेवला, जमिनीची धग लागली की होतो. बाहेरून काही कळत नाही. विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, १९८१ साली. त्यात साका होत नाही. माणसांत अजून तशी जात निघाली नाही." तिने फोड बाजूला टाकली. "त्या वर्षी गणपतीसमोर बोलला असतास तर मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं आणि आपण खाली येऊन जेवलो असतो. तीस वर्षं झाडावर कशाला ठेवलंस?"

"म्हणजे माहीत होतं?"

"आजीने पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाली, या मुलाला सगळे शब्द येतात, फक्त ताई येत नाही. याच्या पोटात काहीतरी आहे. मग तिने चंगच बांधला. हाक मार, हाक मार. शेवटी म्हणाली, असं नाही निघायचं, याला झाडावर चढवते."

मी ताटलीकडे बघत राहिलो. "मुंग्या..."

"तिला माहीत होत्या की. तिचंच झाड ते."

संपादकांना मी त्या दिवशी कळवलं की कादंबरी होत नाही. ते म्हणाले, हरकत नाही, हवं तर साडेतीन हजार शब्दांत विनोदी काहीतरी द्या.

निघताना बिल मागितलं. छापील पावत्या संपल्या होत्या, म्हणून तिने हाताशी असलेल्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. तीन दिवस मुक्काम, दोन वेळचं जेवण, चहा, एक डझन साठं. गाडीत बसल्यावर कागद उलटला, तर मागे पान १७ होतं : नायक, नायिका, होडी आणि समुद्रातून वर येणारा सूर्य.

बिलाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'भाऊ म्हणून सवलत, १० टक्के.' मे महिन्यात तिथे कुणालाही सवलत मिळत नाही.

मी काच खाली केली आणि म्हणालो, "येतो, ताई." सवलत घेतली.